वयाच्या पुढे चाललेला नट

प्रस्तावना

कवीचे चरित्र लिहू पाहणाऱ्यास त्याचे शब्द जसेच्या तसे हाती लागतात, आणि मुत्सद्द्याचे चरित्र लिहू पाहणाऱ्यास दफ्तरांतील खलिते व पत्रव्यवहार यांचा आधार सापडतो; परंतु नटाचे चरित्र लिहावयास जो बसतो त्याच्यापुढे निराळीच अडचण उभी राहते, ती अशी की, नटाचे साधन म्हणजे त्याचा देह, आणि देह हा तर सर्वस्वी काळाच्या स्वाधीन. रंगभूमीपुरते पाहावयाचे तर ही अडचण काळच निस्तरतो. नटाचे तारुण्य ज्यांनी पाहिले ते प्रेक्षक त्याच्याबरोबरच वृद्ध होतात, आणि पुढल्या पिढीस ते तारुण्य केवळ ऐकीव कीर्तीच्या रूपाने ठाऊक असते. चित्रपटाने आणि त्याच्यामागून आलेल्या दूरचित्रवाणीने मात्र नटावर एक कायमचा साक्षीदार बसविला. पन्नास वर्षांपूर्वीचा चेहरा आजच्या चेहऱ्याशेजारी आणून ठेवणे आता कोणालाही शक्य आहे, आणि म्हणून वय कसे पत्करावे, हा प्रश्न पडद्यावरच्या नटाला जितका निकराने सोडवावा लागतो तितका तो दुसऱ्या कोणत्याही कलावंताला सोडवावा लागत नसेल. पुष्कळांनी तो टाळला. चाळिशी उलटल्यावरही विशीतल्या नायकाची वस्त्रे उतरविण्याचा धीर ज्यांना झाला नाही, अशांची नावे वाचकांच्या मनात सहज उभी राहतील. ती येथे घेण्याचे प्रयोजन नाही.

ज्याने हा प्रश्न टाळला नाही, किंबहुना तो अंगावर येऊन पडण्यापूर्वीच त्याचे उत्तर शोधावयास आरंभ केला, अशा एका नटाची ओळख पुढील पृष्ठांत मराठी वाचकास करून द्यावयाची आहे. बंगळुरास आणि एकंदर कर्नाटकास अनंत नाग हे नाव निराळ्या परिचयाची अपेक्षा ठेवीत नाही. महाराष्ट्रात मात्र 'अंकुर' आणि 'भूमिका' या हिंदी चित्रपटांतील गोरापान, उंच तरुण एवढीच त्यांची प्रतिमा जुन्या रसिकांच्या मनात राहिली आहे, आणि 'मालगुडी डेज' ही मालिका ज्यांनी लहानपणी पाहिली त्यांच्या मनात मिठाईवाल्या जगनची. या दोन प्रतिमांच्या मधला आणि नंतरचा विस्तीर्ण प्रदेश आपल्याला जवळजवळ अपरिचित आहे. त्या प्रदेशाचा आरंभ मुंबईच्या मराठी-हिंदी रंगभूमीच्या सीमेवर होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे आपले हे अपरिचित राहणे अधिकच खटकते.

अनंत नागरकट्टे यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४८ चा, कोंकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वत कुटुंबातला. ज्या उत्तर कानडा जिल्ह्याशी या कुटुंबाचे मूळ जोडलेले आहे, तो जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईच्याच अमलाखाली राहिला. त्यामुळे कारवार, कुमठे, होनावर, शिराळी या भागांतील माणसाला शिक्षणासाठी वा चाकरीसाठी घर सोडण्याची पाळी आली की त्याची दृष्टी साहजिकच मुंबईकडे वळे. गावदेवीच्या सारस्वत वसाहतीचा सहकारी प्रयोग १९१५ चा. ताडदेवची तालमकीवाडी त्यानंतरची. या वाड्यांतून वाढलेल्या मुलाच्या कानांवर घरात कोंकणी, देवघरात संस्कृत, शेजारी मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर हिंदी अशा पाच भाषा पडत, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना आपण परक्या घरात शिरतो आहोत असे त्याला कधी वाटत नसे. अनंताचे बालपण तर त्याहूनही निराळ्या वातावरणात गेले: दक्षिण कानड्यातील शाळा, केरळच्या सरहद्दीवरील कान्हनगडचा आनंदाश्रम, शिराळीचा चित्रापूर मठ. नामस्मरणाचा घोष, आरतीची शिस्त, आश्रमातील मितभाषी माणसे यांच्या सहवासात जे वर्ष-सहा महिने मूल राहते, त्याच्या आवाजाला एक संथ ठेवण लाभते असे मला नेहमी वाटत आले आहे. अनंत नाग यांचा आवाज ज्यांनी लक्षपूर्वक ऐकला असेल त्यांना हे अनुमान सर्वस्वी निराधार वाटणार नाही.

पुढे ते मुंबईस आले आणि तेथील कोंकणी, कानडी व मराठी नाटकांतून काम करू लागले. सत्यदेव दुबे यांच्या ताडदेवच्या वालचंद टेरेसमधील 'थिएटर युनिट'भोवती त्या काळी जी मंडळी गोळा झाली होती, तिच्यात अमोल पालेकर होते, आणि तिच्याच आसपास गिरीश कार्नाडांची नाटके, विजय तेंडुलकरांची नाटके, बादल सरकारांची नाटके एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ये-जा करीत होती. दुबे स्वतः बिलासपूरचे, मातृभाषेने हिंदी. तरी मराठी नाटकाविषयी त्यांच्याइतक्या पोटतिडकीने भांडणारा दिग्दर्शक मराठी माणसांतही विरळा. त्यांच्या तालमीत शब्दाच्या स्पष्ट, निर्व्याज उच्चारावर जो कटाक्ष असे, त्याचे संस्कार त्या पिढीच्या प्रत्येक नटात ओळखू येतात. विशीच्या आतबाहेरच्या वयात अनंताला ही शाळा मिळाली. धाकटा भाऊ शंकर, जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा, काही वर्षांनी याच वाटेने मुंबईच्या मराठी रंगभूमीवर आला. पुण्याच्या रँडवधावरील '२२ जून १८९७' या जयू व नचिकेत पटवर्धनांच्या मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनात त्याचा वाटा आहे, ही गोष्ट चापेकर बंधूंची कथा आवडीने सांगणाऱ्या आपल्यातील कितीजणांना ठाऊक आहे?

पडद्यावर अनंत नाग प्रथम दिसले ते 'संकल्प' या १९७३ च्या कानडी चित्रपटात, आणि देशभर पोहोचले ते पुढच्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मुळे. या चित्रपटाचे संवाद दुबे यांचेच. जमीनदाराचा शहरात शिकलेला मुलगा सूर्या गावी येतो, घरकाम करणाऱ्या स्त्रीवर त्याचे मन बसते, आणि परिणाम भोगण्याची वेळ येताच तो भ्याडपणाने सर्वांगांनी आक्रसतो. अशी ही भूमिका. त्या चित्रपटाकरिता राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते शबाना आझमी आणि साधू मेहेर यांना, आणि ते योग्यच होते, कारण प्रेक्षकाचे हृदय त्या दोघांकडे धावते. सूर्या हे पात्र कोणाचेही प्रेम संपादन करणारे नाही. पण पहिल्याच मोठ्या संधीला, रूपाने नायकास शोभेल अशा तरुणाने, मनाने दुबळा आणि स्वार्थी माणूस रंगवावयास घ्यावा, व त्याला कोठेही खलनायकाचा भडक रंग न चढविता, आपल्या ओळखीच्या घरांतून आढळेल असा साधा, सुशिक्षित, अपराधी मुलगा म्हणून उभा करावा, यात जी निर्भयता आहे ती मला त्या चित्रपटातील सर्वांत धीट गोष्ट वाटते.

त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत बेनेगलांच्या चित्रपटांतून त्यांनी जी कामे केली त्यांचा मराठी साहित्याशी असलेला संबंध मुद्दाम सांगण्याजोगा आहे. 'निशांत' आणि 'मंथन' यांच्या लेखनात तेंडुलकरांचा हात. 'भूमिका' हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. आणि 'कोंडुरा' तर चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवरून घेतलेला. या शेवटच्या चित्रपटात परशुराम या प्रमुख पात्राचे काम अनंत नाग यांच्याकडे होते. समुद्रातल्या अलौकिक पुरुषाकडून वरदान लाभलेला एक सामान्य तरुण त्या वरदानाच्या ओझ्याखाली हळूहळू कसा भ्रमिष्ट होतो, श्रद्धा आणि उन्माद यांच्यामधील रेषा त्याच्याकडून कशी पुसली जाते, हे दाखविणे म्हणजे खानोलकरांच्या गद्यातील धूसर, भयप्रद हवा चेहऱ्यावर आणणे होय. चित्रपट १९७८ चा; खानोलकर १९७६ मध्येच गेले होते. त्यांनी तो पाहिला असता तर आपल्या परशुरामाला त्यांनी ओळखले असते, अशी माझी समजूत आहे.

मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९७५ चा कानडी चित्रपट 'हंसगीते'. दिग्दर्शक जी. व्ही. अय्यर, मूळ कादंबरी त. रा. सुब्बराव यांची, आणि गायन बालमुरलीकृष्णांचे. त्या वर्षीचा पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच चित्रपटासाठी मिळाला. भैरवी वेंकटसुब्बय्या या गायकाचे आयुष्य, त्याच्या उद्धट, तेजस्वी तारुण्यापासून विरक्तीपर्यंत, यात उलगडत जाते. ज्याच्या हातून ते उलगडावयाचे होते त्या नटाचे वय होते सुमारे सत्तावीस. या वयात पांढरे केस लावणे आणि पाठ वाकविणे कोणालाही साधते, नाटकांच्या स्नेहसंमेलनांतून ते दरवर्षी दिसतेही. परंतु वार्धक्य हे अंगात नसून वाटेत आलेल्या गोष्टींचा हिशेब संपत आल्याच्या जाणिवेत असते, आणि ती जाणीव उसनी आणता येत नाही. ती त्या वयात त्यांना कोठून लाभली हे मी सांगू शकत नाही. आश्रमात पाहिलेल्या वृद्ध साधकांचे काही त्यात उतरले असणे संभवते. तारुण्याच्या ऐन भरात त्यांनी वार्धक्याच्या घराची पहिली पायरी अशी चढून पाहिली, आणि पुढील सर्व कारकीर्दीचे सूत्र मला या प्रसंगी सापडते.

यानंतर अनंत नाग बंगळूरचे झाले. मराठ्यांना बंगळूर परके नाही. शहाजीराजांची ती जहागीर होती, आणि याच शहरातील एका मराठी घरात वाढलेला शिवाजीराव गायकवाड तमिळ पडद्यावर रजनीकांत म्हणून गाजत होता, त्याच सुमारास मुंबईच्या रंगभूमीवर घडलेले हे दोन कोंकणी भाऊ बंगळुरात येऊन कानडीत रुजत होते. शंकर नाग यांना कार्नाडांच्या 'ओंदानोंदु कालदल्लि' या पहिल्याच चित्रपटाने आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळवून दिले, आणि स्वतःचा पहिला चित्रपट 'मिंचिन ओट' दिग्दर्शित करताना त्यांनी मोटारचोराच्या मुख्य भूमिकेसाठी थोरल्या भावाकडेच बोट दाखविले. शंकर, त्यांच्या पत्नी अरुंधती आणि त्यांचे सोबती यांनी बंगळुरात चालविलेल्या 'संकेत' या नाट्यसंस्थेने कार्नाडांबरोबरच जयवंत दळवींची 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया' ही नाटके कानडीत उभी केली. आपल्या रंगभूमीचे ऋण एवढ्या निष्ठेने दुसऱ्या भाषेत नेऊन फेडल्याची उदाहरणे फार नाहीत.

अनंत नाग यांच्या लोकप्रिय कानडी चित्रपटांविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. अभिनेत्री लक्ष्मी यांच्यासमवेतचे संसारपट, 'गणेशन मदुवे' आणि 'गौरी गणेश' यांसारखे फणी रामचंद्र यांचे विनोदी चित्रपट, ज्यांतील भाडेकरूंनी गजबजलेले वठार आपल्या गिरगावच्या चाळीचे सख्खे भावंड शोभावे, सुनीलकुमार देसाई यांचा 'बेळदिंगळ बाले', ज्यात बुद्धिबळपटू नायक आवाजापलीकडे न दिसणाऱ्या स्त्रीचा माग काढतो. या सर्वांनी त्यांना घराघरात नेले. त्यांत केवळ चरितार्थासाठी केलेली, आज कोणी आठवणीने पाहू नयेत अशीही पुष्कळ कामे आहेत, आणि त्यांच्या चाहत्यांनी ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. दोनशेहून अधिक चित्रपट करणाऱ्या माणसाचा हात सर्वत्र सारखा लागणे अशक्य. एवढे मात्र खरे की, विनोदातसुद्धा त्यांनी आवाज चढविला नाही. फजिती झालेल्या मध्यमवर्गीय माणसाची अब्रू त्यांनी कायम राखली.

आता ज्या मालिकेमुळे मराठी घरांनी त्यांना खरोखर आपलेसे केले तिच्याकडे वळतो. दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ च्या गांधीजयंतीस सुरू झाले, बंगळूर केंद्र १९८१ च्या नोव्हेंबरात; आणि १९८४ च्या 'हमलोग'नंतर मालिका हा प्रकार देशाच्या नित्यक्रमाचा भाग होऊन बसला. अशा वेळी निर्माते टी. एस. नरसिंहन यांनी आर. के. नारायण यांच्या कथांचे हक्क घेऊन त्या दूरचित्रवाणीवर आणण्याचे ठरविले आणि दिग्दर्शनाची धुरा शंकर नाग यांच्याकडे सोपविली. शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे या पर्जन्यमय घाटमाथ्यावरील गावाला मालगुडीचे रूप देण्यात आले, नारायण यांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी रेखाचित्रे काढली, एल. वैद्यनाथन यांनी ती अविस्मरणीय धून बांधली, आणि १९८६ पासून एकूण एकोणचाळीस भाग तयार झाले. कार्नाड, वैशाली कासरवल्ली, दीना पाठक यांच्यासारखी मंडळी त्यांत होती. कर्नाटकी गावात, तमिळ लेखकाच्या इंग्रजी कथांवरून, कोंकणी दिग्दर्शकाने केलेली ही हिंदी मालिका पाहताना सांगली-सोलापूरच्या माणसाला ती आपल्याच गावची वाटली, ही त्या निर्मितीची खरी कसोटी.

'मिठाईवाला' या कथेतील जगन अनंत नाग यांनी साकारला. नारायण यांच्या कादंबरीतील जगन साठीच्या घरातला विधुर आहे. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला, सूत कातणारा, स्वतः जिभेवर विजय मिळविला म्हणणारा आणि दिवसभर गावाला मिठाई विकणारा, फावल्या वेळात गीता वाचणारा आणि गल्ल्यातील काही रोकड हिशेबाबाहेर वेगळी काढून ठेवणारा. त्याचा मुलगा माली अमेरिकेस जातो, परत येताना एक परदेशी तरुणी व कथा लिहिणाऱ्या यंत्राचा कारखाना काढण्याची योजना घेऊन येतो, आणि बापलेकांतील अंतर वाढत वाढत अशा ठिकाणी पोहोचते की जगन दुकानाच्या किल्ल्या सोडून वानप्रस्थाची वाट धरतो. भूमिका करणाऱ्याचे वय त्या वेळी चाळिशीच्या आतले. कानडी पडद्यावर त्याच सुमारास तो नायक म्हणून प्रेयसीच्या मागे गाणी गात होता.

मोठ्या पडद्यावर 'हंसगीते'ने जे मागितले त्याहून निराळे काही लहान पडद्याने येथे मागितले, आणि ते समजून घेतल्यावाचून या भूमिकेचे मोल कळणार नाही. चित्रपटगृहात प्रेक्षक अंधारात, नटाच्या घरी पाहुणा म्हणून बसलेला असतो. दूरचित्रवाणीवर नटच पाहुणा होऊन प्रेक्षकाच्या घरी येतो, तेही दिवा जळत असताना, मुले अभ्यास करीत असताना, स्वयंपाकघरात फोडणी पडत असताना. अशा ठिकाणी उच्चरवाने केलेला विलाप हास्यास्पद ठरतो. ओढून काढलेले मौन, वाक्याच्या अखेरीस खाली उतरणारा स्वर, मुलाचे पत्र उलटसुलट करणारी बोटे, एवढ्या सामग्रीवर बापाचे दुःख उभे करावे लागते. मराठी घरांत त्या काळी मुलगा अमेरिकेस गेला की आईबाप अभिमानाने पेढे वाटीत, आणि त्या पेढ्यांमागची धास्ती कोणी बोलून दाखवीत नसे. दळवींच्या 'संध्याछाये'तील नाना-नानींना ही धास्ती रंगभूमीवर ठाऊक होती. जगनने ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणली. जगनच्या ढोंगाकडे आणि त्याच्या सात्त्विकतेकडे नटाने सारख्याच ममतेने पाहिले आहे, कोठेही एकाला दुसऱ्यावर कुरघोडी करू दिलेली नाही. माझ्या मते अनंत नाग यांच्या परिपक्व अभिनयाचा प्रारंभ येथे होतो. वयाने ते तोपर्यंत परिपक्व झालेले नसले तरी.

त्याच मालिकेतील दुसऱ्या एका चेहऱ्याचा विचार येथे केल्यावाचून राहवत नाही. तीतील शाळकरी स्वामीचे काम करणारा मंजुनाथ हा बंगळूरचाच मुलगा. भारतातील कोट्यवधी घरांनी त्याला आपला मुलगा मानले. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये मांडव्याच्या मास्तरांचा लहानगा विजय तोच झाला, आणि तेथील करारी डोळे पाहून हा स्वामीच का, असा प्रश्न पडावा इतका तो बदललेला होता. पण तारुण्यात पदार्पण करता करता त्याने अभिनयाची वाट सोडली आणि बंगळुरातच निराळा व्यवसाय पत्करला. हा पराभव होता असे मी मानीत नाही. ज्या चेहऱ्याला सारा देश दहाव्या वर्षीच्या रूपात ओळखतो, त्याने विसाव्या वर्षी स्वतःचे आयुष्य मागून घ्यावे, यात सुज्ञपणाच आहे. उलट दिशेचे उदाहरण आपल्याकडचे: गजानन जागीरदारांच्या 'स्वामी' मालिकेत रमाबाईंच्या रूपाने, कोवळ्या वयात प्रथम दिसलेल्या मृणाल देव, म्हणजे पुढच्या मृणाल कुलकर्णी, 'अवंतिका'सारख्या मालिकेतून प्रौढ स्त्रीच्या भूमिकेत आल्या, 'राजा शिवछत्रपती'त जिजाबाई झाल्या, आणि २०१४ मध्ये 'रमा माधव' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित करताना त्यांनी आपल्या वाट्याला घेतली ती रमाबाईंची सासू गोपिकाबाई. रमेपासून गोपिकेपर्यंतचे हे अंतर चालून जाण्यास जी मनाची तयारी लागते तिची किंमत आपल्या समीक्षेने अद्याप केलेली नाही. पेशवाईच्या त्याच वाड्यात, त्याच माणसांच्या गोष्टीत, सुनेच्या दालनातून सासूच्या दालनात जाणे म्हणजे वय पत्करणे.

अनंत नाग यांच्या आयुष्यात वय पत्करण्याची पाळी एका आघाताने आणली. ३० सप्टेंबर १९९० च्या पहाटे दावणगेऱ्याजवळ आनगोडू येथे मोटारीच्या अपघातात शंकर नाग गेले. वय अवघे पस्तीस. बंगळूरच्या रिक्षांवर त्यांची चित्रे आजही दिसतात. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधतींनी खटपटीने उभारलेले 'रंगशंकर' नाट्यगृह २००४ मध्ये उघडले. थोरल्या भावाने 'नन्न तम्म शंकर' या कानडी पुस्तकात त्या सहवासाचे स्मरण केले आहे. पुढील काही वर्षे त्यांनी राजकारणात घातली. १९९४ मध्ये मल्लेश्वरमधून विधानसभेवर निवडून येऊन जे. एच. पटेल यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी बंगळूरच्या नगरविकासाचा कारभार पाहिला. २००४ ची निवडणूक ते हरले. कलावंताने राजकारणात जावे की नाही हा वाद येथे अप्रस्तुत आहे.

पडद्यावर मात्र ते त्याआधीच परत आले होते, ते चरित्रनट म्हणून. यातील पहिले उल्लेखनीय काम योगायोगाने मराठीच: अमोल पालेकरांचा 'अनाहत', २००३ चा. निपुत्रिक राजा, नियोगाचा राजाज्ञेने आलेला प्रसंग, आणि एका रात्रीत पत्नीच्या व आपल्या नात्याचा उलगडलेला अर्थ. सोनाली बेंद्रे राणी, आणि अनंत नाग राजा. दुबेंच्या भोवतालच्या त्या जुन्या दिवसांतील दोन सोबती तीस वर्षांनी मराठी भाषेत एकत्र आले, आणि ज्याने तारुण्यात नायकाचे रूप मिरविले होते त्याने पौरुषहीन ठरविल्या गेलेल्या, अपमानाच्या रात्रीत जागणाऱ्या राजाची वेदना संयमाने पेलली. हा चित्रपट आपल्याकडे जितका पाहिला जावयास हवा होता तितका पाहिला गेला नाही, याची मला खंत आहे. कानडी दूरचित्रवाणीवरील 'गर्व' आणि 'प्रीति इल्लद मेले' या मालिकांनी त्यांना पुन्हा घरोघरी नेले. २००६ च्या 'मुंगारु मळे'त ते निवृत्त कर्नल झाले, आणि नव्या पिढीने त्यांना वडील म्हणून स्वीकारले.

परंतु या उत्तरकाळाचे शिखर म्हणजे हेमंत राव यांचा २०१६ चा 'गोधी बण्ण साधारण मैकट्टु'. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीतील वर्णन हेच या चित्रपटाचे नाव, आणि हरवतो तो वेंकोब राव, स्मृतिभ्रंश जडलेला वृद्ध. बंगळूरच्या गर्दीत तो दिसेनासा होतो आणि मुलगा त्याला शोधीत फिरतो. या चित्रपटात बंगळूर ही नुसती पार्श्वभूमी नाही. ज्या शहरात गेल्या तीस वर्षांत तळी बुजली, बंगले पाडले गेले, लोकांच्या बोलण्यातल्या खुणा नाहीशा झाल्या, त्या शहरात स्मृती गमावलेला माणूस वाट चुकतो. आणि प्रेक्षकाच्या ध्यानात येते की, विसरला आहे तो एकटा वेंकोब राव नव्हे. अनंत नाग येथे रोग दाखवीत नाहीत. हात थरथरणे, नजर शून्यात लावणे असली ठराविक साधने त्यांनी बाजूस ठेवली आहेत. दिवंगत पत्नीच्या आठवणीपाशी आल्यावर तेवढ्यापुरता चेहरा उजळतो आणि पुन्हा विझतो, आणि त्या क्षणी तारुण्यातला तो देखणा अनंत नाग आपल्याला एकाएकी दिसतो. आरंभी ज्या साक्षीदाराविषयी लिहिले तो येथे नटाच्या उपयोगी पडला आहे. प्रेक्षकाच्या मनात साठलेली जुनी चित्रे हीच वेंकोब रावाची गतस्मृती झाली आहे. नवख्या वृद्ध नटाला ही भूमिका एवढ्या अर्थाने करता आली नसती.

२०१८ च्या 'के. जी. एफ.' या अवाढव्य चित्रपटात ते वृद्ध पत्रकार आनंद इंगळगी होऊन कथा सांगतात, आणि अनेक भाषांतून तो चित्रपट देशभर गेला तेव्हा ज्यांना 'हंसगीते' हे नावही ऐकून ठाऊक नव्हते अशा तरुणांनी त्यांना प्रथम पाहिले. त्या कामाला फार मोठे म्हणता येणार नाही. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

पुढील पृष्ठे वाचण्यापूर्वी वाचकाने शक्य तर 'कोंडुरा', 'मिठाईवाला'चे भाग, 'अनाहत' आणि 'गोधी बण्ण' या क्रमाने पाहावेत. उपशीर्षकांच्या आधाराने कानडी कळण्यास अडचण पडणार नाही. आणि एक विनंती मराठी नाट्येतिहासकारांना. सत्तरच्या दशकारंभी मुंबईत सत्यदेव दुबे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या तालमींतून जे नट घडले, त्यांच्यापैकी जे भाषा ओलांडून अन्य प्रांतांत गेले त्यांची मराठी रंगभूमीवरील कामे, त्यांचे प्रयोग, त्यांचे सहकलावंत यांची नोंद अद्याप एके ठिकाणी झालेली नाही. त्या तालमी ज्यांनी पाहिल्या अशी माणसे आजही मुंबई-पुण्यात आहेत, त्यांच्या ट्रंकांत कात्रणे आणि छायाचित्रे आहेत. ती मागून घ्यावीत, तारखा लावून घ्याव्यात, आणि हे काम या पिढीतच पुरे करावे.